नवसाचा पत्रा

रोक्कामारे गावात कुणी खेचरावरून पडला, विहिरीत गेला, होडीसकट उलटला किंवा न्हाव्याच्या वस्तऱ्याखाली सापडला आणि तरीही जगला, की बरा होताच तो मास्त्रो, म्हणजे उस्ताद, लिबोरियोचे दार ठोठावायचा. चर्चच्या पायऱ्यांखालचे शेवटचे घर, निळे दार, आत टर्पेंटाइनचा आणि टोमॅटोचा एकत्र वास. लिबोरियो लोकांच्या संकटांची चित्रे काढायचा. वीतभर पत्र्यावर सगळे संकट बसवायचे, वरच्या कोपऱ्यात ढगावर बसलेली आमच्या कड्याची मादोन्ना, म्हणजे मेरीमाता, आणि मग तो नवसाचा पत्रा चर्चच्या भिंतीवर खिळ्याला टांगायचा. भिंत नुसती अपघातांनी भरलेली होती. आमच्या गावचा इतिहास वाचायचा तर तिथेच वाचावा, आणि तो वाचून वाटावे की या गावात सरळ चालणारा माणूस जन्मालाच आला नाही.

गिऱ्हाइकाला तो तीन प्रश्न विचारायचा. "अंगावर काय होतं? मादोन्ना कुठल्या कोपऱ्यात दिसली? आणि सगळ्यात आधी ओरडलं कोण?" तिसऱ्या प्रश्नावरून घराघरांत भांडणे व्हायची, कारण आधी ओरडणाऱ्याला चित्रात पुढची जागा मिळे. दोन जावांनी एकदा यावरून त्याच्या दारात झिंज्या उपटल्या होत्या. त्याने दोघींना शेजारी शेजारी काढले आणि दोघींना एकच तोंड दिले. त्यांना ते आजतागायत कळलेले नाही.

पत्र्याच्या तळाशी एक पांढरी पट्टी असायची. तिच्यावर चार लॅटिन अक्षरे येत, अर्थ एवढाच की नवस केला होता, कृपा झाली. लिबोरियोच्या बापाने त्याला ब्रश धरायला शिकवायच्या आधी एक नियम शिकवला होता. बाकी सगळे चित्र हवे तेव्हा काढ, पण ती चार अक्षरे लिहिण्याआधी तो माणूस स्वतःच्या पायांनी तुझ्या दारात येऊन उभा राहिला पाहिजे. खाटेवरून आणलेला चालणार नाही, बायकोच्या खांद्यावर रेललेला चालणार नाही. वाण्याची सासू एकदा हटून बसली, की जावई उद्या-परवा उठेलच, लिहून टाका. लिबोरियो म्हणाला, "पाव भट्टीत आहे तोवर ढेकर देऊ नये, बाई." जावई चौथ्या दिवशी गेला, आणि तो अर्धा पत्रा लिबोरियोने उलटा करून भिंतीला लावून ठेवला.

चाळीस वर्षे असे काम केले की नजर तशीच होते. पावाचा तुकडा मोडतानाही तो समोरच्या माणसाच्या डोक्यावर, डाव्या कोपऱ्यात, ढग आहे का ते बघायचा. बहुतेकांच्या डोक्यावर त्याला काहीतरी दिसे, निदान चुलीचा धूर. एकाच माणसाच्या डोक्यावर त्याला काही दिसत नसे, आणि तो त्याचा मुलगा नुंत्सियो होता.

नुंत्सियो उत्तरेच्या डोंगरातल्या लढाईतून परत आला तेव्हा त्याचा पाय वाचला होता. पाय वाचवताना तिथल्या इस्पितळात त्याला मॉर्फिनची सुई द्यायचे. जखम भरली, सुई राहिली. घरातून आधी आईची कानातली गेली, मग तांब्याचे मोठे पातेले गेले. तो चोरटा नव्हता, भांडखोरही नव्हता. सुई मिळाली की तो गच्चीवर, टोमॅटोचा गर उन्हात वाळत घातलेल्या फळ्यांच्या मध्ये, पाय पसरून बसायचा आणि समुद्राकडे बघत हसायचा. लाल फळ्या, पांढरा चुना, निळे आकाश, आणि मध्ये आपले पोर स्वप्नात तरंगत बसलेले. चित्र म्हणून बघितले तर फार सुंदर होते, आणि लिबोरियोला त्याचाच सगळ्यात जास्त राग यायचा. वरचा डावा कोपरा तेवढा रिकामा होता.

लिबोरियोची बायको क्रोचिफिस्सा याला आजार म्हणत नसे. ती म्हणायची, "त्याची झोप." झोपलाय, उठेल, ओरडू नका.

त्याच सुमारास गावावरच्या ऑलिव्हच्या उतारावरचे रिकामे घर एका परदेशी माणसाने भाड्याने घेतले. लेनार्ट त्याचे नाव, थेट उत्तरेकडचा, पिवळ्या दाढीचा. भुताखेतांवर, ग्रहांवर, मंत्रांवर त्याने म्हणे डझनभर पुस्तके लिहिली होती. गावाने त्याचे नाव दोन दिवसांत 'मांत्रिक' ठेवले आणि तिसऱ्या दिवशी तो मांजरे खातो हे नक्की केले. त्याच्याकडे स्वयंपाकाला जाणारी विधवा निन्फा तेवढी त्याची बाजू घ्यायची.

"मांजरं कसली खातोय? माशाचा काटा टोचेल म्हणून घाबरतो," ती गच्चीच्या भिंतीवरून क्रोचिफिस्साला म्हणाली. "आणि आता भुतांचं नाही लिहीत हो. स्वतःचीच गोष्ट लिहितोय. पांढरी पूड ओढायचा, सुई घ्यायचा, ती कशी सुटली त्याची. फक्त नावं बदललीत."

"स्वतःची गोष्ट आणि नावं दुसऱ्याची?" क्रोचिफिस्सा गर पसरता पसरता म्हणाली. "म्हणजे पाद्र्यासमोर गुडघे टेकायचे आणि पापं शेजारणीची सांगायची."

"पण सुटली, क्रोचि. शेवटच्या प्रकरणात सुटली. मला वाचून दाखवलं त्यानं."

खाली अंगणात लिबोरियोच्या हातातला ब्रश थांबला. तो उठला, रविवारचे जाकीट घातले आणि ऑलिव्हच्या वाटेला लागला.

मांत्रिक जमिनीवर कागदांच्या मध्ये बसला होता, भर उन्हाळ्यात लोकरीचे मोजे घालून. "ये. तू बस," तो म्हणाला. आमच्या भाषेतले 'तुम्ही' त्याला कुणी शिकवलेच नव्हते. पोप आला असता तरी त्याने त्याला 'ये रे' म्हटले असते. लिबोरियोने ते मनावर घेतले नाही. त्याने सरळ विचारले, पुस्तकात काय आहे.

मग मांत्रिकाने मोडक्यातोडक्या शब्दांत सांगायला सुरुवात केली. खिडकीतून ऑलिव्हच्या पानांची सावली कागदांवर हलत होती आणि त्याचा आवाज खालच्या लाटांसारखा एकसुरी होता. पुस्तकातला माणूस पूड ओढतो आणि त्याला शहरांवरून उडाल्यासारखे वाटते. दिवे खाली, तो वर, हाताला हात लागलेली बायको. मग पंख जातात आणि उडायची सवय राहते. खोलीचे पडदे महिनोन् महिने उघडत नाहीत. मग ती दोघे एका बेटावर येतात. तिथे एक कडा आहे. रोज सकाळी त्या कड्यावर चढायचे, पाणी स्वतः आणायचे, आपल्याला खरोखर काय हवे ते रोज स्वतःला विचारायचे. आणि एके सकाळी तो माणूस तोंड धुऊन बाहेर येतो, आणि त्याच्या लक्षात येते की काल आपल्याला त्या पुडीची आठवणच झाली नाही.

लिबोरियोचे डोळे भरून आले होते. कडा तर आमचाच होता, खिडकीतून दिसत होता.

"मग तू बरा झालास?" त्याने विचारले.

मांत्रिकाने कागदांच्या कडा नीट जुळवल्या. मग म्हणाला, "शेवटचं प्रकरण लिहून झालंय."

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. रोक्कामारेत 'मी बरा आहे' असे कुणी म्हणत नाही. दृष्ट लागते. घोड्यासारखा धडधाकट माणूसही विचारल्यावर 'कालपेक्षा वाईट नाही' एवढेच म्हणतो. आडवे उत्तर म्हणजे हो, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर पितो. मांत्रिक कुठल्या गावचे दूध प्यायला होता याचा विचार लिबोरियोने केला नाही. त्याच्या दृष्टीने माणूस बरा होता आणि वर दृष्ट लागू न देण्याइतका शहाणाही होता.

"माझ्या पोराला इथे ठेवून घे," तो म्हणाला.

"पाठव," मांत्रिक म्हणाला. "आणि तू माझा पत्रा कर. पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापीन. मी, सुई, वर ढगात कोण हवं ते. आणि खाली ती अक्षरं."

"चित्र करतो. अक्षरं तू माझ्या दारात येशील तेव्हा."

नुंत्सियो गेला. उताराच्या त्या घरात तो पाणी भरू लागला, कडा चढू लागला. पहिल्या रविवारी तो खाली आला तेव्हा हिरवा पडला होता आणि हात कापत होते, दुसऱ्या रविवारी उन्हाने रापला होता. त्याने सार्डिन आणि बडीशेपेच्या पाल्याचा पास्ता दोन ताटल्या खाल्ला. दोन! क्रोचिफिस्सा चुलीकडे तोंड करून रडली.

"कसा आहेस?" लिबोरियोने विचारले.

"कालपेक्षा वाईट नाही, बाबा."

लिबोरियोला आणखी काय हवे होते? दुपारी तो पोराला वाटेपर्यंत पोचवायला गेला. मांत्रिक तिथे दगडावर ऊन खात बसला होता, आणि बोलता बोलता म्हणाला, "मी पुस्तकाचा शेवट आधी लिहितो, मास्त्रो. मग त्याच्या मागे चालत जातो." हे वाक्य लिबोरियोच्या कानात शिरले ते बाहेर आलेच नाही. शेवट आधी. मग माणूस त्याच्या मागे. चाळीस वर्षे आपण उलटेच करत आलो की काय?

त्या आठवड्यात त्याने नुंत्सियोचा पत्रा केला. लाल फळ्या, गच्ची, पाय पसरून बसलेले पोर. पुढच्या जागी हात वर केलेली क्रोचिफिस्सा, खरे तर ती कधीच ओरडली नव्हती. वरच्या डाव्या कोपऱ्यात त्याने ढग काढला, इतका मऊ आणि पांढरा की त्यालाच त्यात हात घालावासा वाटला. आणि खाली चार अक्षरे लिहून टाकली. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

"अहो, तो दारात येऊन उभा राहिला का?" क्रोचिफिस्साने विचारले.

"दर रविवारी येतो की."

"जेवायला येतो."

"तू ओरडू नको म्हणायचीस ना? मग आता तूच ओरडू नको," तो म्हणाला, आणि पत्रा काखोटीला मारून पायऱ्या चढून गेला.

तिसरा रविवार मादोन्नाच्या जत्रेचा होता. नुंत्सियो चर्चमध्ये शिरला तर भिंतीसमोर ही गर्दी. बायकांनी त्याचे मुके घेतले, म्हाताऱ्यांनी पाठीवर थापा मारल्या. निन्फा म्हणाली, "बघ रे, किती देखणा काढलाय बापानं!" तो पत्र्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला होता. लोकांना वाटले, देवभोळा आहे पोरगा.

ऑगस्ट लागला. आफ्रिकेकडून गरम वारा सुटला की आमचे गाव दुपारभर दारे लावून पडते. कुत्री भिंतीला चिकटतात, समुद्र तेल ओतल्यासारखा गप्प होतो. अशा एका दुपारी लिबोरियोला झोप येईना. मांत्रिकाचा पत्रा पुरा होऊन पडला होता आणि मांत्रिक अजून दारात आला नव्हता. जाऊन पत्रा दाखवावा आणि त्याला बोलावून आणावे म्हणून पत्रा घेऊनच तो निघाला. वाटेवर हवा थरथरत होती, ऑलिव्हची झाडे जमिनीपासून वीतभर वर उभी असल्यासारखी दिसत होती. मनात तो आतापासूनच ती चार अक्षरे लिहीत होता.

दार नुसते लोटलेले होते. आत शेजारी शेजारी दोन खाटा, दोन्हींवर दोघे. मांत्रिकाची डावी बाही कोपरापर्यंत वर केलेली, मांडीवर सुई. दुसऱ्या खाटेवर नुंत्सियो, डोळे अर्धे उघडे, ओठांवर तेच जुने गच्चीवरचे हसू. दोघांच्या मध्ये जमिनीवर पुस्तकाचे कागद नीट रचून ठेवलेले होते. वर वजनासाठी कड्यावरचा एक दगड.

लिबोरियोने आधी वर डाव्या कोपऱ्यात पाहिले. तिथे एक पाल होती.

"तू खोटं बोललास," तो म्हणाला.

मांत्रिकाने डोळे उघडले. तो घाबरला नाही, लाजलाही नाही. फार लांबून बोलावे तसा बोलला. "पुस्तक खरं आहे, मास्त्रो. फक्त अजून झालेलं नाही."

"माझ्या पोराचं वाटोळं झालंय त्यात!"

"तूही तेच केलंस ना? भिंतीवर?" मांत्रिक म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. त्याला खरेच वाटत होते की त्या दोघांचा धंदा एकच आहे. त्याने डोळे परत मिटले.

लिबोरियोने नुंत्सियोला खांद्याला धरून उठवले, बाहेर आणून पाण्याच्या दगडी हौदाच्या काठावर बसवले आणि त्याच्या तोंडावर पाणी मारले. पोर हळूहळू परत आले.

"किती दिवस?"

"पहिले अठरा दिवस खरंच नव्हती घेतली, बाबा. देवाशपथ. कडा चढत होतो. एकोणिसाव्या दिवशी पाय दुखला आणि त्याच्या टेबलावर होतीच." नुंत्सियो हौदातल्या आपल्या प्रतिबिंबाशी बोलत होता. "जत्रेच्या दिवशी तुम्हाला सांगायलाच खाली आलो होतो. वाटलं, सांगावं, बाबा, पडलो परत, धरा. आणि बघतो तर मी भिंतीवर."

"मग सांगायचं होतंस की!"

"कुणाला? सगळे मुके घेत होते. बुडणाऱ्याला दोर टाकतात, बाबा. जो काठावर चित्रात बसलाय त्याला कोण टाकणार?"

मांत्रिकावरचा राग लिबोरियोला तिथेच सोडून गेला. तो राग आता त्याच्या स्वतःकडेच वळला. बापाचा नियम अक्षरांसाठी आहे असे तो चाळीस वर्षे समजत होता. तो माणसांसाठी होता.

तो तसाच उतार उतरला. मांत्रिकाचा पत्रा वाटेत कुठे पडला ते त्याला आठवत नाही. चर्चमध्ये बायका जपमाळ म्हणायला जमल्या होत्या. त्यांच्यामधून तो भिंतीकडे गेला, नुंत्सियोचा पत्रा खिळ्यावरून काढला, बाहेरच्या पायरीवर बसला आणि खिशातला रंग खरवडायचा चाकू काढून एकेक अक्षर खरवडू लागला. पत्र्यावर चाकूचा आवाज दाताला लागावा तसा. जपमाळ थांबली. बायका दारात आल्या, फादर घाईघाईने आले.

"लिबोरियो! देवीला दिलेलं परत घेतोस?"

"तिनं दिलंच नव्हतं, फादर. मीच तिच्या नावानं लिहिलं होतं." त्याने मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, दृष्टबिष्ट काही न मानता म्हणाला, "माझं पोर बरं नाही. अजून बुडतंय."

इतके सरळ वाक्य आमच्या गावात आधी कुणी बोलले नसावे. लंगडत मागून आलेला नुंत्सियो पायऱ्यांखाली उभा राहून ऐकत होता. मग निन्फाने पायरीवरची आपली जपमाळ उचलली, बाजूला सरकली आणि म्हणाली, "ये रे, बस इथं. पाय दुखत असेल."

पुढचे अकरा दिवस नुंत्सियो गच्चीवरच्या खोलीत होता. ते दिवस मी रंगवून सांगणार नाही, ज्यांच्या घरात असे झाले आहे त्यांना माहीत आहे. कोळ्यांची पोरे पाळीपाळीने त्याला धरून बसायची. दुसऱ्या दिवशी दुपारी निन्फा झाकलेले पातेले घेऊन दारात आली. आमच्यात मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत, शेजारी जेवण आणतात. ते पातेले आणि तसे बांधलेले फडके बघून क्रोचिफिस्सा कडाडली, "कोण मेलंय गं इथं?"

"तो पत्र्यावरचा मेला," निन्फा म्हणाली. "जेवा आता."

बाराव्या दिवशी सकाळी लिबोरियो दार उघडून रंग घोटत बसला होता. जिन्यावर लंगडता पाय वाजला. नुंत्सियो खाली आला, घराला वळसा घालून रस्त्यावर गेला आणि गिऱ्हाईक येते तसा समोरून येऊन निळ्या दारात उभा राहिला. हाडे वर आली होती, सदरा लोंबत होता. पण चौकटीला हात लावला नव्हता.

"बाबा, आज उभा आहे."

लिबोरियोने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिले. घरातल्या भिंतीवर तो पत्रा होता, खाली खरवडलेली कोरी पट्टी. हात ब्रशाकडे गेला होता, ढगाचा पांढरा रंगही ओला होता. तो हात त्याने परत मांडीवर ठेवला.

"बघितलं," तो म्हणाला. "उद्या ये."

नुंत्सियो दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्या दिवशी आला. पुढे तो जाळी विणायच्या कामाला लागला, तरी कामावर जाताना आधी दारात उभा राहायचा. मधे दोनदा आला नाही. दोन्ही वेळा लिबोरियो जाकीट न घालता त्याला शोधायला बाहेर पडला, आणि सारे गाव त्याच्याबरोबर शोधायला निघाले, कारण सगळ्यांना माहीत होते. नंतर परत दार, परत तेच. "आज उभा आहे." "बघितलं. उद्या ये." बायका मुलांना शाळेत हाकलताना त्यावरून वेळ ओळखायच्या.

मांत्रिक त्याच हिवाळ्यात निघून गेला. दोन वर्षांनी टपालाने त्याचे पुस्तक आले, जाडजूड, कुणालाच न वाचता येणाऱ्या भाषेत. नंतर कुणीतरी बातमी आणली की तो कुठल्याशा उत्तरेच्या शहरात, हॉटेलच्या खोलीत वारला, बाही वर केलेली होती. लिबोरियोने त्या दिवशी ब्रश धरला नाही. संध्याकाळी म्हणाला, "त्याला कुणी दार दिलं नाही." क्रोचिफिस्सा कमी हळवी होती. पुस्तक ती खारवलेल्या सार्डिनवर वजन म्हणून ठेवायची आणि म्हणायची, मांत्रिकाच्या मंत्राने मासे मात्र छान मुरतात.

एकोणीस वर्षे असे चालले. लिबोरियोचा उजवा हात आधी कापू लागला, मग पडूनच राहिला. शेवटच्या सकाळी त्याची खाट दारासमोर आणली होती. नुंत्सियोचे केसही पिकायला लागले होते. तो येऊन उभा राहिला आणि रोजचे वाक्य म्हणाला. म्हाताऱ्याने डोळे आधी पोराच्या डोक्यावर, डाव्या कोपऱ्यात नेले, तिथे बराच वेळ ठेवले, आणि मग त्याचे ओठ हलले. निन्फा जवळ होती, ती सांगते की रोजचे तिन्ही शब्द स्पष्ट होते.

पुरून आल्यावर नुंत्सियोने भिंतीवरचा पत्रा काढला, पुसला आणि पायऱ्या चढून चर्चमधल्या जुन्या खिळ्याला परत टांगला. नवे फादर चष्मा लावून जवळ आले.

"पट्टी कोरी कशी रे? एकोणीस वर्षं झाली म्हणतात. शेजारच्या गावच्या रंगाऱ्याकडून लिहवून घे की."

"नको, फादर," नुंत्सियो म्हणाला. "बाबांनी उद्या बोलावलंय."